छातीतली धडधड: कोणती सोडून द्यावी आणि कोणत्या धडधडीला दवाखाना गाठावा

वारणाकाठ

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करताना "डॉक्टर, छातीत धडधडतंय" हे वाक्य ऐकले नाही असा आठवडा जात नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हृदयात काही बिघाड नसतो, थोड्यांच्या असतो, आणि कोण किती घाबरला आहे यावरून या दोन गटांतला फरक ओळखता येत नाही. घामाघूम होऊन आलेला तरुण बहुधा ठणठणीत निघतो, तर गुडघेदुखीसाठी आलेल्या आणि छातीविषयी चकार शब्द न काढणाऱ्या सत्तरीच्या आजोबांच्या मनगटावर बोटे ठेवल्यावर धस्स व्हायची पाळी माझ्यावर येते. या विषयावर इथे तुटक प्रश्न बरेच येतात, म्हणून सलग लिहितो आहे.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा, म्हणजे दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा धडकते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. हे ठोके उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात असलेल्या पेशींच्या एका पुंजक्याच्या हुकमाने पडतात. कधी कधी दुसऱ्याच ठिकाणची एखादी पेशी मध्येच हुकूम सोडते आणि ठोका वेळेआधी पडतो. तोवर हृदयाचा खालचा कप्पा पुरता भरलेला नसल्याने हा ठोका दुबळा असतो आणि मनगटापर्यंत पोहोचतही नाही. त्यानंतर जरा लांब विराम पडतो, त्या अवधीत कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका दणकून पडतो. रुग्ण सांगतो, "ठोका चुकला आणि मग छातीत दणका बसला." प्रत्यक्षात ठोका चुकलेला नसतो, एक जादा पडलेला असतो. अशा जादा ठोक्यांना एक्टोपिक म्हणतात. निरोगी माणसांचा ईसीजी २४ ते ४८ तास सलग नोंदवला, तर त्यांच्यापैकी ४० ते ७५ टक्के लोकांत खालच्या कप्प्यातून आलेले असे ठोके सापडतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर, विशेषतः डाव्या कुशीवर, ते जास्त जाणवतात, कारण त्या वेळी हृदय छातीच्या भिंतीला टेकते आणि आजूबाजूला दुसरी चाहूल नसते. पडल्यापडल्या जाणवणारे आणि चालायला लागल्यावर नाहीसे होणारे ठोके सहसा निरुपद्रवी असतात.

दुसरा प्रकार नुसत्या जलद ठोक्यांचा. इथे हृदयाची लय नेहमीचीच असते, फक्त वेग वाढलेला असतो, आणि तो हळूहळू चढतो व हळूहळू उतरतो. याचे कारण बहुधा हृदयाबाहेर सापडते: ताप, अंगातले पाणी कमी होणे, थायरॉइडचा अतिरेक, गरोदरपण, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, सर्दीच्या गोळ्यांमधले नाक मोकळे करणारे औषध, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षित असलेला रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना धडधडते म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट असे सगळे करून आलेल्या बाईंच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक दिसते आणि हिमोग्लोबिन मात्र कोणी तपासलेले नसते, हा अनुभव मला आता नवा राहिलेला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे हृदयातल्या वीजवहनाचाच दोष. त्यात एसव्हीटी येते, ज्यात ठोके एकदम १५० ते २२० पर्यंत जातात आणि तसेच एकदम खाली येतात. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, हेही यातच येते, ज्यात ठोक्यांना लयच उरत नाही. आणि खालच्या कप्प्यातून सलग उठणारी जलद लयही यातच मोडते, जी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्नायू कमकुवत झालेल्या हृदयात जिवावर बेतू शकते.

यातली आपली धडधड कोणती, याचा अंदाज घेण्यासाठी घरात घड्याळ आणि तीन बोटे पुरतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेच्या हाडाच्या आतल्या अंगाला जी खोबण लागते, तिथे तर्जनी, मधले बोट आणि अनामिका हलकेच टेकवावीत. जोराने दाबल्यास नाडी बुजते. मोजणी पूर्ण साठ सेकंद करावी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लय बिघडलेली असल्यास त्या गुणाकाराला अर्थ नसतो. मोजताना घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, "आता, आता, आता" असे तुमच्या तोंडून ऐकत टेबलावर बोट आपटायला सांगावे. ठेका सरळ आहे आणि मध्येच एखादी फट पडते, ठेका सरळ आहे पण मोजता येऊ नये इतका जलद आहे, की कशाचा कशाशी मेळच नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. दवाखान्यात येऊन रुग्णाने तो ठेका टेबलावर वाजवून दाखवला, तर माझे निम्मे काम तिथेच होते.

आता घाई कधी करावी ते सांगतो. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल किंवा दडपण येत असेल, दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर विचार करत बसू नये, १०८ ला फोन करावा आणि स्वतः गाडी चालवत निघू नये. स्वस्थ बसूनही ठोके १५० च्या आसपास किंवा त्यापुढे आहेत आणि काही मिनिटांत उतरत नाहीत, तर तेव्हाही थेट दवाखाना गाठावा. पूर्वी झटका येऊन गेला आहे, झडपेचा आजार आहे किंवा हृदयाचे पंपिंग कमी असल्याचे सांगितले आहे, अशांनी सौम्य वाटणारी नवी धडधडही अंगावर काढू नये. श्रम चालू असताना बेशुद्ध पडणे आणि जवळच्या नात्यात चाळिशीच्या आत कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणे, या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगाव्यात. बाकीच्यांनी चार-आठ दिवसांत सवडीने दाखवले तरी चालते.

माझा खरा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. धडधड चालू असताना काढलेला एक ईसीजी हा ती थांबल्यावर केलेल्या दहा तपासण्यांपेक्षा मोलाचा असतो. शांत वेळच्या ईसीजीचाही उपयोग आहे, कारण जन्मजात जादा विद्युतमार्ग, लांबलेला क्यूटी (खालच्या कप्प्यांची विद्युतक्रिया पूर्ण व्हायला लागणारा वेळ) किंवा जुन्या झटक्याची खूण त्यातही दिसते. पण "ईसीजी नॉर्मल आहे, काळजी करू नका" या वाक्याचा अर्थ त्या क्षणी लय बरोबर होती एवढाच घ्यायचा असतो. म्हणून धडधड सुरू होताच जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजीचे यंत्र असेल तिथे जावे, मग तो दवाखाना लहान असला तरी चालेल, आणि पट्टी मागून घेऊन जपून ठेवावी. ईसीजीचा जुना कागद कालांतराने पुसट होतो, तेव्हा त्याचा फोटोही काढून ठेवावा.

---

लेखापाल

डॉक्टर, लेख सविस्तर आणि समजेल असा झाला आहे. माझे वय बावन्न असून, तुम्ही लिहिले आहे त्याप्रमाणे रात्री डाव्या कुशीवर वळलो की ठोका अडखळतो. वडिलांना साठीत हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे त्या विरामात पुढचा ठोका पडेपर्यंत मनात नको नको ते येऊन जाते. ईसीजी, इको आणि ट्रेडमिल या तिन्ही तपासण्या व्यवस्थित आल्या, होल्टरमध्ये, म्हणजे चोवीस तास अंगावर लावून ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात, काही जादा ठोके दिसले आणि डॉक्टरांनी गोळी न देता घरी पाठवले. दोष दिसत असताना औषध का देत नाहीत, हे मला अजून उमगलेले नाही. ठोके दाबणारी औषधे उपलब्ध आहेत ना?

---

वारणाकाठ

लेखापाल, औषधे आहेत आणि एके काळी ती सढळ हाताने दिलीही जात. झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये जादा ठोके धोक्याचे ठरतात हे ठाऊक होते, त्यामुळे ते दाबले की मृत्यू टळतील हा तर्क सर्वांना पटला होता. तो पडताळून पाहण्यासाठी अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे दिलेल्या रुग्णांचे जादा ठोके छान दबले, पण त्यांच्यात मृत्यू मात्र वाढले, इतके की १९८९ साली चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. तेव्हापासून ईसीजीचा कागद सुधारण्यासाठी गोळी द्यायची नाही, एवढे शहाणपण वैद्यकाला आले.

तुमच्या बाबतीत होल्टरच्या अहवालात दोन गोष्टी पाहाव्यात. चोवीस तासांतल्या एकूण ठोक्यांपैकी जादा ठोके किती टक्के आहेत, ही पहिली. ते दहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या वर असतील, तर कालांतराने हृदयाचे स्नायू थकण्याची शक्यता असते आणि मग ठरावीक मुदतीने इको करून लक्ष ठेवावे लागते, प्रसंगी उपचारही करावे लागतात. तीन किंवा अधिक जादा ठोके सलग पडले आहेत का, ही दुसरी. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील आणि इकोमध्ये हृदयाची रचना व्यवस्थित असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही हे योग्यच झाले. त्रास झोप मोडण्याइतका असेल तर बीटा-ब्लॉकर गटातले सौम्य औषध देता येते, पण ते केवळ त्रास कमी वाटावा म्हणून असते, आणि दमा असलेल्यांना ते जपून द्यावे लागते. वडिलांच्या झटक्याचा संबंध तुमच्या रक्तवाहिन्यांशी आहे. त्यासाठी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासत राहा. या जादा ठोक्यांशी तो विषय जोडू नका.

---

चांदणवेल

मला याची दुसरी बाजू मांडायची आहे, कारण "काही नाही, टेन्शन आहे" हे उत्तर मी अनेक वर्षे ऐकले आहे. ओट्याशी उभी असताना, वाकून कुकर उचलताना, कधी अगदी टीव्ही बघताना, कोणतीही पूर्वसूचना न देता छातीत धडधड सुरू व्हायची. तिला चढ-उतार नसे. मानेत, हनुवटीच्या खाली ठोके इतके उडायचे की सासूबाईंना ते समोर बसून दिसत. पंधरा-वीस मिनिटांनी ती सुरू झाली तशीच झटक्यात थांबे आणि त्यानंतर तासभर मला सारखे लघवीला जावे लागे. हे लघवीचे सांगितले की डॉक्टर हसत, म्हणून मी ते सांगणेच सोडून दिले होते. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या, त्या नॉर्मल आल्या आणि मला चिंता कमी करण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी झोप यायची, धडधड तशीच राहायची.

निदान झाले ते माहेरी, लग्नघरात. धडधड सुरू झाली तेव्हा भावाने मला स्कूटरवर बसवून समोरच्या चौकातल्या लहान दवाखान्यात नेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडीवर हात ठेवताच काही न विचारता ईसीजीच्या तारा लावल्या. ठोके १९० होते. ती पट्टी पाहून पुढच्या डॉक्टरांनी एसव्हीटी हे नाव सांगितले आणि नंतर ॲब्लेशन, म्हणजे शिरेतून तार घालून हृदयातला दोषी विद्युतमार्ग जाळून टाकणे, झाले. लग्न, मुले, नोकरी हे सगळे माझ्याही आयुष्यात होतेच, पण ताण आहे एवढ्यावरून आजार नाही असे कसे ठरवतात, हा माझा प्रश्न आजही कायम आहे.

---

वारणाकाठ

चांदणवेल ताई, तुम्ही केलेले वर्णन वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावे असे आहे. मानेत उडणारे ठोके आणि नंतर भरपूर होणारी लघवी या दोन्ही एसव्हीटीच्या ओळखीच्या खुणा आहेत. वरचे आणि खालचे कप्पे जवळपास एकाच वेळी आकुंचन पावल्याने रक्त मानेच्या शिरांत उलट ढकलले जाते, म्हणून मान उडते. वरच्या कप्प्यांवर ताण आल्याने ते एक संप्रेरक सोडतात, म्हणून लघवी वाढते. यात हसण्यासारखे काही नव्हते.

तुमचा अनुभव अपवादही नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एसव्हीटीच्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के लोकांची लक्षणे पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत चपखल बसत होती, आणि निम्म्याहून अधिकांमध्ये पहिल्या वैद्यकीय तपासणीत खरा आजार ओळखलाच गेला नव्हता. ठोके १९० वर गेल्यावर कोणीही घाबरणारच. भीती आधी आली की धडधड आधी आली, हे रुग्णाला नीट विचारले पाहिजे. पॅनिकच्या झटक्यात बहुधा आधी मनाची घालमेल होते, श्वास जलद होतो, बोटांना मुंग्या येतात, आणि ठोके चढत जाऊन १२०-१४० च्या आसपास घुटमळून सावकाश उतरतात. एसव्हीटी बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते.

ज्यांचे एसव्हीटीचे निदान पक्के झाले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून कुंथण्याची सुधारित पद्धत शिकून घ्यावी. अर्धवट टेकून बसायचे, दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडाने फुंकून तिचा दट्ट्या हलवण्याचा प्रयत्न पंधरा सेकंद करायचा आणि लगेच उताणे पडून कोणाकडून तरी दोन्ही पाय पंधरा सेकंद वर उचलून धरून घ्यायचे. २०१५ साली ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली, तर पाय न उचलता केलेल्या जुन्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची. मानेची नस चोळण्याचा उपाय मात्र घरी करू नये, वयस्क माणसांत तर मुळीच नाही. वारंवार झटके येत असतील तर ॲब्लेशन हा कायमचा उपाय आहे. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारात त्याला शंभरात पंचाण्णवहून अधिक वेळा यश येते आणि पेसमेकर बसवण्याची वेळ शंभरात एखाद्यावर, किंबहुना त्याहूनही कमी जणांवर येते.

---

सायली_न्यूजर्सी

इथे प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी त्या घड्याळापायी झोप घालवली आहे. माझ्या नवऱ्याला "अनियमित लय" अशी सूचना आली, त्यानंतर चौदा दिवस छातीवर चिकटवायची पट्टी दिली गेली आणि त्यात किरकोळ जादा ठोक्यांपलीकडे काही निघाले नाही. या घड्याळांवर विश्वास ठेवावा की नाही?

---

वारणाकाठ

ठेवावा, पण बेताने. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या अभ्यासात चार लाख एकोणीस हजारांहून अधिक लोक सहभागी होते. त्यांच्यापैकी जेमतेम अर्ध्या टक्क्याला अनियमिततेची सूचना आली, आणि सूचना आल्यावर ज्यांनी पट्टी लावून परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांमध्ये त्या काळात एएफ सापडले. एएफ येऊन-जाऊन असते, त्यामुळे पट्टीत न सापडणे म्हणजे सूचना खोटीच होती असे नाही. तुमचे यजमान पासष्टीच्या पुढचे असतील किंवा त्यांना रक्तदाब, मधुमेह असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे.

ज्या घड्याळांत बोट टेकवून ईसीजी काढता येतो, ती मला आवडतात, कारण धडधडीच्या ऐन क्षणी पट्टी मिळते. ती एकाच कोनातून काढलेली असली तरी लय ओळखायला पुरते. हृदयविकाराचा झटका मात्र ती ओळखत नाही, तेव्हा छातीत दुखत असताना घड्याळ "सामान्य" म्हणाले म्हणून कोणी घरी बसू नये.

---

मिरजकर

मी ईसीजी आणि होल्टरचा तंत्रज्ञ आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने थोडे लिहितो. होल्टर लावण्यापूर्वी छातीवरचे केस काढून कातडी स्पिरिटने पुसतात, ते टाळू नका. लाजेपायी किंवा घाईपायी ते राहिले तर घामाने चिकटपट्टी सुटते आणि तेवढ्या तासांची नोंद वाया जाते. अंघोळ आदल्या दिवशी किंवा सकाळी उरकून या. सोबत दिलेल्या कागदावर लोक "दिवसभर बरे होते" एवढेच लिहून आणतात, त्याचा उपयोग होत नाही. "दुपारी ३.१०, जिना चढून आलो, दोन मिनिटे फडफड झाली" असे लिहिले, तर त्याच मिनिटाची पट्टी उघडून पाहता येते. त्या क्षणी लय सरळ असेल, तर तेही तितकेच महत्त्वाचे उत्तर असते. काही यंत्रांवर बटण असते, धडधड जाणवताच ते दाबावे.

आणखी एक गंमत आहे. दात घासताना हात तालात हलतो आणि तारा हलून कागदावर अशी नक्षी उमटते की नवख्याला ती खालच्या कप्प्यातली धोकादायक लय वाटावी. पोळ्या लाटतानाही तसेच होते. म्हणून अशा कामांची वेळही लिहून ठेवा. संगणकाने काढलेल्या अहवालात मोठा भयंकर शब्द दिसला, तरी डॉक्टरांनी ती मूळ पट्टी डोळ्यांनी पाहिली आहे का, हे आधी विचारा. धडधड महिन्यातून एकदाच होत असेल तर चोवीस तासांच्या होल्टरमध्ये ती सापडण्याची आशा कमीच असते. तेव्हा जास्त दिवसांची पट्टी किंवा कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर यांविषयी विचारावे.

---

दुर्गभटक्या

गड चढताना धडधडणे स्वाभाविक आहे हे समजते, पण स्वाभाविक कुठे संपते? आमच्या गटातला एकोणतीस वर्षांचा मुलगा मागच्या उन्हाळ्यात चढणीवर अचानक कोसळला आणि मिनिटाभरात उठून बसला. "ऊन लागले" असे म्हणून त्याने लिंबूपाणी घेतले आणि चढाई पूर्ण केली. त्याच्या एका मामांचा तरुणपणी झोपेत मृत्यू झाला होता, हे नंतर गप्पांत कळले.

---

वारणाकाठ

दुर्गभटक्या, हा मजकूर वाचून झाला की त्या मुलाला आजच फोन करा. श्रम करून थांबल्यावर, उभ्या उभ्या भोवळ येणे बरेचदा रक्तदाब उतरल्याने होते. पण चढण चालू असताना शुद्ध जाणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याला नातेवाईकाच्या अकाली मृत्यूची जोड असेल, तर हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार किंवा लांबलेला क्यूटी नाही, याची खात्री होईपर्यंत त्याने गड चढू नये, पळू नये आणि व्यायामशाळेतही जाऊ नये. ईसीजी आणि इको या साध्या तपासण्यांनी सुरुवात होते. क्यूटी लांबवणारी औषधेही नेहमीच्या वापरातली आहेत: ॲझिथ्रोमायसिन, उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन, पोटासाठीचे डोम्पेरिडोन. त्यामुळे तोवर त्याने औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. निरोगी माणसाचे ठोके श्रमांत कितपर्यंत जातात, याचा ढोबळ आडाखा २२० वजा वय असा आहे, पण आकड्यापेक्षा चक्कर, छातीतले दडपण आणि थांबल्यावरही न उतरणारा वेग यांना जास्त महत्त्व द्या.

---

तळेगावकर

चर्चा उत्तम चालली आहे. आमच्याकडे धडधडीवर पहिला आदेश "चहा बंद" असा निघतो. त्यात तथ्य किती? शिवाय घसा आणि आम्लपित्त यांसाठी मी रोज ज्येष्ठमधाची पूड घेतो, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे आणि नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास असतो. गेल्या नवरात्रात ठोके फार अडखळले.

---

वारणाकाठ

चहाला विनाकारण बदनाम केले गेले आहे असे माझे मत आहे. कॉफीवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शंभर निरोगी लोकांना काही दिवस कॉफी प्यायला आणि काही दिवस वर्ज्य करायला सांगितले होते. वरच्या कप्प्यांतले जादा ठोके कॉफीने फारसे वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले मात्र दिवसाला सरासरी १०२ वरून १५४ वर गेले आणि झोप अर्ध्या तासाहून जास्त घटली. म्हणजे काहींना फरक पडतो. दोन आठवडे बंद करून पाहावा, फरक वाटला नाही तर सुखाने प्यावा. दारू आणि तंबाखूच्या बाबतीत मात्र मी ही सवलत देणार नाही. एका रात्रीच्या भरपूर मद्यपानानंतर एएफ सुरू होऊन आलेले लोक डॉक्टरांना चांगले परिचयाचे आहेत.

तुमच्या प्रश्नात चहापेक्षा ज्येष्ठमधानेच माझे लक्ष वेधले. ते रोज आणि जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तातले पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणाऱ्या अनेक गोळ्याही पोटॅशियम बाहेर टाकतात, आणि त्यावर नऊ दिवस खाणे तुटपुंजे. पोटॅशियम उतरले की जादा ठोके वाढतात, प्रसंगी गंभीर लयदोषही होतो. ज्येष्ठमध थांबवा, या आठवड्यात पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या आणि पुढच्या उपवासाआधी गोळीविषयी डॉक्टरांशी बोला. उपवासात शहाळे घ्यावे की नाही, हेही तेव्हाच विचारा, कारण रक्तदाबाच्या दुसऱ्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात आणि मूत्रपिंड अधू असेल तर तेही घातक ठरते.

---

चांदणवेल

एक प्रश्न आईविषयी. ती बहात्तर वर्षांची आहे, तिला धडधड अजिबात जाणवत नाही, पण मोतीबिंदूच्या तपासणीत एएफ सापडले. लहानपणी तिचे सांधे सुजत असत. डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी घ्यायला सांगतात, आणि "मला काही होतच नाही" म्हणून ती ॲस्पिरिनवर भागवू पाहते आहे. शिवाय पुढच्या महिन्यात तिचा दात काढायचा आहे.

---

वारणाकाठ

एएफमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, त्यामुळे तिथे रक्त साकळून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो, आणि हा धोका एरवीपेक्षा सुमारे पाचपट असतो. धडधड जाणवते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा बाबींना गुण देऊन गोळीची गरज ठरवतात, आणि बहात्तराव्या वर्षी स्त्रीच्या बाबतीत ती बहुधा निघतेच. ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नाही. त्याने पुरेसे संरक्षण मिळत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो.

लहानपणी सांधे सुजत होते, हे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो संधिवाताचा ताप असेल तर इकोमध्ये डावीकडची झडप अरुंद झाली आहे का ते पाहावे लागते, आणि तशी असेल तर गोळीची निवड बदलते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या एएफच्या रुग्णांना रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफेरिनच्या गटातल्या जुन्या गोळीनेच जास्त लाभ झाला. त्या जुन्या गोळीसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) नियमित तपासावा लागतो आणि पालेभाज्या खाण्याचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते. एखादा दात काढण्यासाठी ही गोळी बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही. आयएनआर आदल्या एक-दोन दिवसांत तपासून तो कागद दंतवैद्यांना दाखवावा, दोन्ही डॉक्टरांचे फोनवर बोलणे करून द्यावे, आणि आईंनी आपल्या मनाने एकही गोळी चुकवू नये.